पुनीतचे विषय

चेलनाने सही करायला पेनचं टोपण काढलं, तेवढ्यात भारंबे मॅडमनी कागदावर हात ठेवला.

"सही जरा थांबवता का, चेलनाताई?"

चेलनाने वर पाहिलं. मॅडम हसत नव्हत्या. सकाळी फोन आला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, की पुनीतच्या विषयांबद्दल थोडं बोलायचं आहे, जमलं तर एकट्याच या. चेलना घरच्या डाळ मिलच्या गाडीतून आली होती. शाळा जळगावच्या बाहेर, माळावर. दहावी झाली की इथली मुलं अकरावी-बारावी करत नसत, ए लेव्हल करत. दोन वर्षं आणि फक्त तीन विषय. कोणते तीन, ते दहावीच्या परीक्षेआधीच ठरवायचं आणि पालकांनी खाली सही करायची. पुनीतने आपले तीन लिहून दिले होते. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स.

"लिहिताना काही चुकलंय का त्याचं?"

"नाही, चुकलं काही नाही." मॅडमनी कागद आपल्याकडे ओढून घेतला. ए लेव्हलचं सगळं त्याच बघायच्या. मुलांना त्यांचा धाक होता आणि मुलं त्यांच्याजवळ येऊन रडतही. "सहामाहीला फिजिक्सच्या पेपरात त्याने शेवटचे प्रश्न सोडून दिले. वेळ होता हातात. तो खिडकीबाहेर बघत बसला होता. वर्गावर मीच होते, म्हणून सांगते."

"करेल तो अभ्यास. हल्ली रोज संध्याकाळी वाचतो."

"करेलच हो. पासही होईल, रडतखडत. पण भूगोलाचे आमचे सर काय म्हणतात माहीत आहे? म्हणतात, हा मुलगा जे विचारतो ते मला घरी जाऊन वाचावं लागतं." मॅडम क्षणभर थांबल्या. "मी त्याला बोलावून विचारलं, भूगोल का नाही लिहिलास? तर म्हणाला, फिजिक्सची पुस्तकं घरी आहेत."

चेलनाने टोपण पुन्हा पेनावर बसवलं. ते नीट बसलं नाही. तिने पुन्हा दाबलं.

"हो, आहेत," ती म्हणाली.

पुस्तकं कोणाची, हे मॅडमनाही माहीत होतं. पण नाव त्यांनी घेतलं नाही. गेल्या काही महिन्यांत चेलनाला याची सवय झाली होती. लोक बोलत बोलत त्या नावापर्यंत येत आणि रस्त्यात खड्डा दिसावा तसे बाजूने निघून जात.

"शनिवारपर्यंत वेळ आहे," मॅडम उठत म्हणाल्या. "घरी बोला. त्याच्याशी बोला."

बाहेर व्हरांड्यात मोठ्या वर्गातली तीन-चार मुलं कठड्याला टेकून हसत उभी होती. त्यातल्या एकाने चेलनाला पाहिलं आणि त्याचं हसू तोंडातच राहिलं. बाकीच्यांनी मागे वळून पाहिलं. मग सगळेच सरळ उभे राहिले, शिक्षक आल्यावर राहतात तसे. चेलना मान खाली घालून त्यांच्या समोरून गेली. रोनक असता तर तो याच कठड्यापाशी असता.

रोनक तिचा मोठा. पुनीतहून दोन वर्षांनी पुढे. फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स हे विषय त्याचे. दसऱ्याच्या आधी त्याला ताप आला. आधी साधा वाटला, मग डेंग्यू निघाला, मग जळगावच्या डॉक्टरांनी नाशिकला न्यायला सांगितलं. तिकडून परतताना चेलना आणि तिचा नवरा हितेंद्र गाडीत होते आणि रोनक मागच्या ॲम्ब्युलन्समध्ये. चाळीसगावच्या अलीकडे कुठेतरी गाडीवाल्याने चहासाठी थांबू का म्हणून विचारलं होतं. हितेंद्र हो म्हणाला होता. चेलनाला त्या चहाची आठवण अजूनही सहन व्हायची नाही. आपण तो प्यायलो, ही गोष्ट.

घरात चौघं उरली. सासरे इंदरचंदजी, हितेंद्र, ती आणि पुनीत. सासू जाऊन बरीच वर्षं झाली होती. एमआयडीसीत त्यांची डाळ मिल होती. बाप-लेक सकाळी तिकडे जात आणि अंगाला तुरीचा बारीक कोंडा लावून परत येत. इंदरचंदजींचं जेवण दिवस मावळायच्या आत उरकलेलं असे. बाकीची तिघं नंतर बसत. पूर्वी या जेवणाला मोठा गलका असायचा आणि तो पुनीतचा असायचा. केळी रावेर-यावललाच का होतात, पारोळ्याकडे का नाही. चोपड्याच्या विहिरींचं पाणी एवढं खाली का गेलं. सातपुड्यात पडलेला पाऊस कुठून कुठे वाहत जातो. भाजीच्या रश्श्यात बोट बुडवून तो ताटात नकाशे काढायचा. "आमच्या घरात तलाठी जन्माला आला," असं बाजूला बसलेले इंदरचंदजी म्हणायचे. सगळ्यांत मोठ्याने रोनक हसायचा आणि हसून झालं की तोच विचारायचा, "बरं, मग पुढे?"

आता कोणी पुढचं विचारत नव्हतं. पुनीतही काही सांगत नव्हता.

एकदा थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. चेलना दुधाचा पेला घेऊन वर चालली होती आणि जिन्यातच तिचे पाय थांबले. वरच्या खोलीतून रोनकचा आवाज येत होता. फिजिक्सच्या व्याख्या वाचायची त्याची एक पद्धत होती, अर्धी गाणं म्हटल्यासारखी, वाक्याच्या शेवटी सूर वर नेण्याची. अगदी तीच. हातातलं दूध सांडून तिच्या पायावर पडलं, ते गरम होतं, पण ती हलली नाही. मग तिला कळलं. त्या दोन महिन्यांत पुनीतचा आवाज फुटला होता. घरात कोणाचं लक्षच नव्हतं. मुलगा मोठा होत होता आणि त्याचा आवाज जाऊन जाऊन भावाच्या आवाजाला मिळाला होता.

त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी दाराशी जाऊन उभी राहायला लागली. आत जायची नाही. दार लोटलेलं असायचं, ती डोकं चौकटीला टेकवायची आणि डोळे मिटायची. काय वाचलं जातंय याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. तेवढा वेळ रोनक आत टेबलाशी बसलेला असायचा. वाचन थांबलं की ती टाचा न वाजवता खाली यायची.

पुनीत फिजिक्स घेणार हे कळलं तेव्हा इंदरचंदजींनी त्याला जवळ बसवून घेतलं होतं. त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ते म्हणाले होते, "रोनकचं राहिलेलं तू पुरं करशील." आणि बऱ्याच दिवसांनी त्यांनी स्वतःहून साखरेचा चहा मागितला होता. हितेंद्रच्याही चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालेलं चेलनाला दिसलं होतं. घराला धरायला काहीतरी मिळालं होतं.

आणि आता या भारंबे मॅडम.

शाळेतून आल्यावर ती स्वयंपाकघरात ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलत बसली. बेबाबाई ताटं घासायला घेत होती. ती धुळ्याकडची, चेलनाच्या माहेरच्या बाजूची. चेलनाशी ती नेहमी आपल्या अहिराणीतच बोलायची. तिने दुपारचं एक ताट उचलून चेलनासमोर धरलं.

"ताई, दख. पोऱ्यानं बठ्ठं तसंच ठेवेल शे."

पुनीतचं ताट. पोळीचा एक तुकडा मोडलेला, बाकी सगळं जसंच्या तसं. चेलना त्या ताटाकडे बघत राहिली. कालही असंच होतं का? परवा? तिला आठवेना. तो शेवटचा तोंड भरून कधी जेवला, ते तिला आठवेना. सोललेले दाणे तिने बाजूला सारले आणि वर आवाज सुरू झाला म्हणून ती उठली.

दाराशी ती नेहमीसारखी उभी राहिली, पण डोळे मिटले नाहीत. तिचं कॉमर्सचं एक वर्ष झालं होतं लग्नाआधी. इंग्रजी वाक्यं कळायची. ती पहिल्यांदाच शब्द ऐकायला लागली. वेगाची व्याख्या. मग गतीचा नियम. मग एक उदाहरण, उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचं. मग पुन्हा वेगाची व्याख्या. हेच तिने परवा ऐकलं होतं. त्याच्या आधीही. उतार, ठोकळा, आणि पुन्हा पहिल्यापासून. स्तवन म्हणावं तसा मुलगा एकच पान म्हणत होता.

तिने दार ढकललं.

खोलीत दोन पलंग होते. रोनकच्या पलंगावर चादर ताणून घातलेली, तशीच, ऑक्टोबरपासून. पुनीत रोनकच्या टेबलाशी बसला होता. पुस्तक उघडं होतं, पण त्याचं तोंड पुस्तकाकडे नव्हतं. तो दाराकडे बघून वाचत होता. दाराच्या खालच्या फटीकडे. आई एकदम आत आली तशी त्याची नजर फरशीवरून वर आली आणि तो गप्प झाला.

"हे पान तू परवाही वाचत होतास," चेलना म्हणाली.

"हो."

"समजलं नाही का?"

"पाठ झालंय."

"मग पुढचं का नाही वाचत?"

पुनीतने पुस्तकाचा कोपरा दुमडला, पुन्हा सरळ केला.

"पुढचं वाचताना अडखळायला होतं," तो म्हणाला. "मी अडखळलो की तू जातेस."

"मी कुठे..."

"पाय दिसतात तुझे, मम्मी. जिन्यातला लाइट चालू असतो ना. दाराखालून सावली येते."

तो हे रागाने बोलत नव्हता. पाऊस किती पडला ते सांगावं, तसं सांगत होता.

"आधी मी भूगोल वाचायचो. तो मनात वाचतो मी. तू बाहेर स्टुलावर दूध ठेवून जायचीस. हाकही मारायची नाहीस. ते थंड व्हायचं. मग एकदा दादाचं पुस्तक असंच उघडलं. दादा वाचायचा तसं वाचून पाहिलं, त्याचीच आठवण येत होती म्हणून. तेव्हा तू थांबलीस." त्याने पुस्तक मिटलं. "खूप वेळ थांबलीस."

चेलनाला वाटलं आपण काहीतरी बोलायला हवं. काहीतरी म्हणजे, तसं नाही रे बाळा. पण ते तसंच होतं. इतके दिवस ती या दाराशी येत होती आणि एकदाही या मुलासाठी आली नव्हती. तो आत एकटा बसून, आई बाहेर असेपर्यंत, भाऊ होत होता. आईची सावली हलू नये म्हणून.

ती जवळच्या पलंगावर बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं की तो रोनकचा पलंग आहे. चादरीला तिच्याखाली सुरकुत्या पडल्या. पुनीतही त्या सुरकुत्यांकडे बघत होता. दोघांपैकी कोणीच त्या नीट केल्या नाहीत.

"उद्या मॅडमना सांग," ती शेवटी म्हणाली. "दुसरे विषय लिहून दे. तुझे."

"मग तू..."

त्याने दाराकडे पाहिलं.

"येईन," चेलना म्हणाली. "आत येईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदरचंदजी जैन स्थानकातून परतले आणि नेहमीच्या खुर्चीत बसले. हितेंद्र पायांत मोजे घालत होता. चेलनाने पदर डोक्यावर नीट घेतला. लग्न होऊन या घरात आल्यापासून सासऱ्यांच्या शब्दावर ती कधी शब्द बोलली नव्हती. तशी वेळच त्यांनी आणली नव्हती.

"बाबूजी, पुनीत फिजिक्स घेणार नाही. भूगोल घेणार. बरोबर मॅथ्स आणि इकॉनॉमिक्स."

इंदरचंदजींनी चष्म्यावरून पाहिलं. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"शाळेने काही सांगितलं का? मार्क कमी आहेत का? क्लास लावू. नाशिकहून माणूस बोलावू." ते हितेंद्रकडे वळले. "अरे बोल ना तू. त्याने आपण होऊन घेतलं होतं ते. रोनकचं राहिलं होतं म्हणून घेतलं होतं पोराने."

"रोनकचं रोनकचंच राहू द्या, बाबूजी," चेलना म्हणाली. "पुनीतकडून ते होणार नाही. आणि त्याने ते करूही नये. एक गेलाय आपला. दुसऱ्याला आपण चालता-बोलता घालवतोय."

ते नाव त्या खोलीत मोठ्याने घेतलं गेल्याला किती दिवस झाले होते, कोण जाणे. हितेंद्रच्या हातातला मोजा तसाच राहिला. इंदरचंदजींचा जबडा हलला. ते आता ओरडतील असं चेलनाला वाटलं आणि ती ते ऐकून घ्यायला तयार होती. पण म्हाताऱ्याच्या तोंडून बारीक, जवळजवळ ऐकू न येणारा प्रश्न बाहेर आला.

"मग ती पुस्तकं?"

त्यांची नजर जिन्याकडे गेली.

"ती शाळेत देऊन टाकायची का?"

हितेंद्र उठला. एका पायात मोजा, एक पाय उघडा, असाच जिना चढून वर गेला. नाशिकहून आल्यापासून तो त्या खोलीत गेला नव्हता. बऱ्याच वेळाने तो खाली आला तेव्हा हनुवटीपर्यंत पुस्तकांची चळत होती आणि ती त्याने हनुवटीनेच दाबून धरली होती. तसाच तो वडिलांच्या खोलीत गेला. तिथल्या कपाटात, त्यांच्या पोथ्यांच्या खालच्या कप्प्यात, त्याने पुस्तकं एकेक करून लावली.

शनिवारी चेलनाने सही केली. भारंबे मॅडमनी नवे विषय वाचले, मान हलवली आणि म्हणाल्या, "चहा घ्याल?" चेलनाने घेतला.

पण यानंतरचे दिवस सोपे गेले नाहीत. घर एकदम मुकं झालं. भूगोल मनात वाचायचा विषय होता. संध्याकाळी दिवे लागले की चेलनाचे कान आपोआप जिन्याकडे जायचे आणि वरून काही म्हणजे काही यायचं नाही. ऑक्टोबरमध्ये ती रडली होती, पण तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, कोणी पाणी देत होतं, कोणी पाठीवर हात फिरवत होतं. आता ती एकटीच स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून उभी राहायची. नाशिकला रोनकला डॉक्टरांनी पाठवलं होतं. या खेपेला तिनेच सही करून त्याला घरातून पाठवलं होतं.

आत येईन, असा शब्द दिला होता. काही दिवस ती गेली. काही दिवस जाववलं नाही. एकदा ती पुनीतवर उगाच चिडली, जमिनीवर पसरलेल्या त्याच्या नकाशांवरून, आणि चिडून झाल्यावर तिला कळलं की तो वर बघतोय तेव्हा त्याचे डोळे रोनकसारखे नाहीत, एवढाच त्याचा गुन्हा आहे. त्याने नकाशे गोळा केले. ती दारातून परत फिरली, मग अर्ध्या जिन्यातून पुन्हा वर आली. "हे पिवळं काय आहे?" तिने त्यातल्या एकावर बोट ठेवून विचारलं. त्याने सांगितलं. पहिल्यांदा दोनच वाक्यांत.

एप्रिलमध्ये एका दुपारी ती सासऱ्यांच्या खोलीत औषध द्यायला गेली. इंदरचंदजींच्या मांडीवर फिजिक्सचं जाड पुस्तक उघडं होतं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. भिंग घेऊन ते समासातली पेन्सिलीची अक्षरं बघत होते.

"हे काय लिहिलंय गं कडेला? त्याचंच अक्षर ना?"

चेलना वाकली. मराठीच होतं ते, पण इंग्रजी अक्षरांत, मोबाइलवर मुलं लिहितात तसं.

"लिहिलंय, जाम भूक लागलीये."

इंदरचंदजींनी भिंग खाली ठेवलं. "याला कायमच भूक," ते म्हणाले आणि चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसत बसले. पुसणं काही संपेना. चेलना औषधाची गोळी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

पुनीतची दहावी झाली, निकाल लागला, ए लेव्हलचं वर्ष सुरू झालं. पावसाळा गेला. ऑक्टोबर आला आणि तोही एकदाचा गेला. दिवाळीच्या सुट्टीत पुनीतला भूगोलासाठी नदीचं काम करायचं होतं. पात्र किती रुंद, पाणी किती खोल, किती वेगाने वाहतं, ते प्रत्यक्ष मोजून आणायचं. गिरणेला जावं की तापीला, असं त्याचं चाललं होतं. चेलनाच म्हणाली, "पांझरेला चल. मामाकडे राहू."

तिचं माहेर धुळ्याला, देवपुरात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. वर्षभरात ती तिकडे गेली नव्हती. तिथल्या प्रत्येक घरात रोनकला उचलून घेतलेल्या बायका होत्या.

सकाळी दोघं पुलाच्या वरच्या अंगाला, वस्ती संपते तिथे उतरली. पाणी बेताचंच होतं, दगडांना वळसे घालत जाणारं. पुनीतने पॅन्ट गुडघ्यांपर्यंत दुमडली, मोजायच्या टेपचं एक टोक आईच्या हातात दिलं आणि फीत सोडत सोडत तो पाण्यात शिरला.

"तिथेच उभी राहा. हलू नको. आणि ढिली सोडू नको," तो जाता जाता म्हणाला. मग मध्येच थांबून काठ दाखवत सांगायला लागला, की नदी इकडून माती खाते आणि तिकडे नेऊन टाकते, म्हणून तुझ्या लहानपणी ती जिथे होती तिथे ती आज नसणार. पाण्याच्या आवाजात त्याचे निम्मे शब्द तिला ऐकू आले नाहीत. आवाज आता रोनकच्या आवाजासारखाही राहिला नव्हता. आणखी जाड झाला होता, थोडा घोगरा. या आवाजात बोलणारं घरात पूर्वी कोणीच नव्हतं.

थोड्या अंतरावर एक म्हातारी दगडावर गोधडी आपटत होती. ती हात थांबवून बराच वेळ या दोघांकडे बघत राहिली. साडीतली बाई नदीकाठी फीत धरून उभी आहे, हे तिला काही उमगेना.

"काय करस वं माय तो?" तिने विचारलं.

"नदी मोजतो आहे," चेलना म्हणाली.

म्हातारी हसली. पुढचे दात नव्हते. "तुना पोऱ्या शे का?"

"हो."

"एकलाच शे?"

पलीकडे पुनीत काठावर चढला होता. त्याने हात वर करून खूण केली आणि फीत ओढली. चेलनाच्या मुठीला हिसका बसला. तिने दुसरा हातही फितीवर घट्ट धरला. म्हातारी उत्तराची वाट बघत होती. चेलनाच्या तोंडात, कितीतरी वर्षांनी, या काठावरचीच बोली आली.

"दोन शेतस," ती म्हणाली. "हाऊ धाकला."